विजयेचा अंमल आणि कायद्याचा अंमल

मराठीत ‘अंमल’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. भांगेचा अंमल चढतो आणि राज्याचा अंमल बसतो. ज्या वनस्पतीला आपले वैद्य विजया म्हणत आले, तिच्या इतिहासात हे दोन्ही अंमल इतके एकमेकांत गुंतलेले आहेत की, एकास सोडून दुसऱ्याचा विचार करता येत नाही. हा इतिहास आज पुन्हा चाळण्याचे कारण मात्र अगदी रोकडे आहे. औषधांच्या दुकानांतून, आयुर्वेदीय भांडारांतून आणि घरबसल्या मागविलेल्या खोक्यांतून ‘विजया’, ‘हेम्प’, ‘सीबीडी’ अशी नावे मिरविणाऱ्या तेलाच्या कुप्या, गोळ्या व मलमे घरोघरी येऊ लागली आहेत. झोप लागत नाही, गुडघे दुखतात, मन स्वस्थ नसते, अशा तक्रारींवर त्यांची शिफारस होते. शिक्षकाला आणि चार बुके शिकलेल्या माणसाला शेजारीपाजारी मग दोन प्रश्न हमखास विचारतात : हे घेतल्याने अपाय तर नाही ना? आणि हे जवळ बाळगल्याने पोलीस तर धरणार नाहीत ना?

या दोन्ही प्रश्नांना एका शब्दाचे उत्तर नाही. ते का नाही, हे समजून घेण्यास गेल्या साडेचारशे वर्षांतील काही प्रसंग पाहणे उपयुक्त होईल असे आम्हांस वाटते. त्या सर्वांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. या वनस्पतीविषयी जे सांगितले गेले वा कागदावर लिहिले गेले, ते कोणी पडताळून पाहिले की नाही, यावरच माणसांचे हित आणि अहित अवलंबून राहिले.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. झाड एक, पण त्यापासून होणारे पदार्थ तीन. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि त्या फुलोऱ्यावर पाझरणाऱ्या राळेचा चरस. या तिघांची शक्ती चढत्या क्रमाने वाढत जाते, आणि पुढे कायद्यानेही याच भेदावर आपली इमारत उभारली. इंग्रजी ‘हेम्प’ या शब्दाने मात्र गोंधळात भर घातली. ज्याला आपण अंबाडी म्हणतो तिला इंग्रजी व्यापारी ‘डेक्कन हेम्प’ म्हणत आणि बोरूच्या तागाला ‘सन हेम्प’. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस असे आहे. पण गांजाच्या झाडाशी तिचे नाते पानांच्या सारखेपणापुरते आहे आणि तिची भाजी खाऊन कोणास अंमल चढल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा ‘हेम्प’ हा शब्द वाचून ‘ही तर तागासारखी निरुपद्रवी वस्तू’ असे समजणे जितके चुकीचे, तितकेच तो शब्द वाचताच दचकणेही चुकीचे. कोणत्या झाडाचा कोणता भाग, हा पहिला प्रश्न.

आपल्या वैद्यकाने हा प्रश्न टाळला नव्हता. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत ‘व्यवायी’ द्रव्याची व्याख्या करताना उदाहरणे दिली ती भांगेची आणि अफूची. जे द्रव्य पचनापूर्वीच सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते, ते व्यवायी. भावप्रकाशातही विजयेचे गुणधर्म सांगितलेले आहेत. रसशास्त्राच्या ग्रंथांत तिची गणना उपविषांत होते, आणि उपविष म्हटले की शोधनसंस्कार ओघानेच आला. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन आजच्या कुप्या विकल्या जातात, त्या परंपरेने विजयेला औषध मानले हे खरे. परंतु जपून वापरावयाचे औषध मानले, हेही तितकेच खरे. ‘नैसर्गिक आहे, म्हणून अपायकारक नाही’ हे वाक्य त्या परंपरेतून आलेले नाही.

युरोपीय वाचकापुढे या वनस्पतीची माहिती जी आली, तिचे एक आरंभीचे ठिकाण आपले गोवेच होय. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे हिंदुस्थानातील औषधींवरील संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात ‘बांग’ या विषयाला एक स्वतंत्र संवाद दिलेला आहे. ओर्ता मोठा चिकित्सक मनुष्य. प्राचीन ग्रीक ग्रंथकारांचे म्हणणे प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूशी ताडून पाहण्याविषयी त्याची ख्याती आहे. पण भांगेच्या परिणामांविषयी त्याचा मुख्य आधार त्याच्या नोकरांचे सांगणे हाच होता. त्याला नकळत जे ती घेत, त्यांनी सांगितले की तिने श्रम जाणवत नाहीत, मन उल्हसित होते आणि भूक लागते. हे वर्णन आजही खोटे ठरलेले नाही. तथापि ते सांगीव आहे. किती घेतली, कोणत्या प्रकारची घेतली, किती वेळाने काय झाले, याची मोजणी त्यात नाही. ती मोजणी होण्यास आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

ती केली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील रसायनाचे अध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी. हिंदुस्थानात विजेच्या तारायंत्राचा पाया घालणारे ओशॉनेसी ते हेच. १८३९ मध्ये त्यांनी गांजाविषयीचा आपला निबंध कलकत्त्याच्या वैद्यक मंडळापुढे मांडला. त्याची पद्धत आम्हांस विशेष ध्यानात घेण्यासारखी वाटते. आरंभी त्यांनी येथील जाणकारांना विचारले. संस्कृत ग्रंथांसाठी मधुसूदन गुप्त व कमलाकांत विद्यालंकार या पंडितांकडून आणि यूनानी परंपरेसाठी हकिमांकडून माहिती घेतली. नंतर कुत्रा, मांजर, बोकड, मासे अशा प्राण्यांवर मोजलेल्या मात्रेचे प्रयोग केले. आणि त्यानंतरच संधिवात, धनुर्वात, श्वानदंशाचा जलसंत्रास, पटकी अशा रोगांच्या रुग्णांना ते औषध दिले. चाळीस दिवसांच्या एका बालिकेचे झटके या औषधाने थांबल्याची नोंदही त्यांनी केली आहे.

ओशॉनेसींची थोरवी त्यांनी यश नोंदविले यात जितकी, तितकीच त्यांनी अपयश लपविले नाही यातही आहे. जलसंत्रासाच्या रुग्णाचे हाल कमी झाले, पण प्राण वाचले नाहीत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. संधिवाताच्या एका रुग्णाला एक ग्रेन राळ दिल्यावर काही तासांत तो असा निश्चेष्ट झाला की त्याचा हात ज्या स्थितीत ठेवावा त्या स्थितीतच राही. हे पाहून त्यांनी मात्रा कमी केली. सतत सेवनाने होणाऱ्या उन्मादाचाही त्यांनी वेगळा विचार केला. औषधाची शिफारस करणाऱ्यानेच त्याच्या धोक्याची जंत्री द्यावी, हा शिरस्ता त्यांनी पाळला.

ओशॉनेसी १८४०च्या दशकाच्या आरंभी विलायतेस गेले. गांजाचा अर्क मग लंडनच्या औषधविक्यांकडे तयार होऊ लागला आणि पन्नास वर्षे तो तेथील वैद्यांच्या हाती राहिला. तरीही तो हळूहळू मागे पडला. सर्व बाटल्यांवर नाव एकच, पण एका बाटलीतील अर्काने काहीच होऊ नये आणि दुसरीतील तेवढ्याच थेंबांनी रुग्ण गुंगून पडावा, असा अनुभव येई. झाड कोठे वाढले, केव्हा कापले, जहाजातून येताना माल किती जुना झाला, यांवर शक्ती बदले. आणि ती मोजण्याचे साधन त्या काळी रसायनशास्त्रापाशी नव्हते. सर जॉन रसेल रेनॉल्ड्झ यांनी १८९० मध्ये या औषधाचे गुण गाताना हीच अडचण पुढे मांडली आणि अल्प मात्रेपासून आरंभ करण्याचा आग्रह धरला. पुढे इंजेक्शनाने देता येणारी व नेमकी मोजता येणारी औषधे आली. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधिकोशातून गांजा वगळला गेला. मात्रेचा भरवसा नाही, हे त्याच्या अस्ताचे एक मोठे कारण होते.

हिंदुस्थानात त्याच सुमारास निराळाच वाद पेटला होता. गांजाने माणसे वेडी होतात, वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरलेली आहेत, आणि तरीही सरकार त्यावर कर घेऊन तिजोरी भरते, असा आरोप विलायतेतील मद्यनिषेधवाद्यांनी केला. पार्लमेंटचे सभासद डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये कॉमन्स सभेत प्रश्न विचारला, आणि त्याचे फलित म्हणून हिंदी सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सभासदांत मुंबई इलाख्यातील पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी, मध्य प्रांतातील छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर व कलकत्त्याचे रसायनाचे अध्यापक डॉ. वॉर्डन होते, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तीन हिंदी सभासद होते. एक वर्षात कमिशनने १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि आपला अहवाल अनेक खंडांत सादर केला.

आपल्या भागाचा या अहवालाशी निकटचा संबंध आहे. बंगालच्या बाजारात राजशाही जिल्ह्यातील नौगावचा गांजा नावाजलेला, तर मध्य प्रांतात निमाडमधील खांडव्याचा. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, या पिकासाठी ओळखला जाई. इंदूर-खांडव्याकडच्या आणि नगरकडच्या वाचकांना यातून एवढे कळेल की, गांजाचा व्यापार त्या काळी चोरीछुपीचा नव्हता. परवान्याची शेती, सरकारी कोठार, लिलावाने दिलेली दुकाने आणि शेरावर कर, असा तो खुला व्यवहार होता.

कमिशनच्या सर्व कामात आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांचा तपास. आजवर या इस्पितळांचे वार्षिक अहवाल प्रमाण मानले जात. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे, आणि त्यात ‘गांजा’ हा शब्द वारंवार येई. तो शब्द तेथे लिहितो कोण, हे कमिशनने विचारले, आणि जे उत्तर मिळाले ते विलक्षण होते. रस्त्यावर भटकणारा वेडा पोलीस धरून आणी. त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र भरून देणे भाग असे. कारण काय, हे शिपायाला ठाऊक नसे. पण रकाना तर भरावयाचा. माणूस गांजा ओढतो असे कोणी म्हटले, किंवा तो बैराग्याच्या वेषात असला, की ‘गांजा’ असे लिहून शिपाई मोकळा होई. इस्पितळातील अधिकारी तोच शब्द नोंदवहीत उतरून घेई, नोंदवहीवरून कोष्टक तयार होई आणि कोष्टकावरून पार्लमेंटमध्ये भाषण होई.

कमिशनने १८९२ या वर्षी दाखल झालेल्या रुग्णांची एकेक नोंद पुन्हा तपासली. नातेवाइकांना, गावकऱ्यांना, पूर्वीच्या वैद्यांना विचारले. १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे या मादक पदार्थांचे कारण लिहिलेले होते. तपासाअंती त्यांपैकी फक्त ९८ जणांच्या बाबतीत ते कारण संभवनीय ठरले. आणि दुसरे कोणतेही कारण जोडीला नसलेले रुग्ण अवघे ६१ उरले. कमिशनचा निष्कर्ष असा की, माफक सेवनाने सामान्यतः अपाय दिसत नाही, अतिसेवनाने शरीराची व मनाची हानी होते, आणि संपूर्ण बंदीपेक्षा परवाने, कर व विक्रीच्या मर्यादा यांनी नियंत्रण ठेवणे श्रेयस्कर होय. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. सरकारने बहुमत स्वीकारले.

आज या अहवालाचा उपयोग प्रशस्तिपत्रासारखा केला जातो, तो आम्हांस मान्य नाही. ९८ ही संख्या २२२ हून लहान आहे, पण ती शून्य नव्हे. कमिशनच्या काळी झाडातील द्रव्ये वेगळी करता येत नव्हती, आणि आज जगात पिकविल्या जाणाऱ्या कित्येक जातींत मादक द्रव्याचे प्रमाण त्या काळच्या मालाहून पुष्कळ अधिक आहे. तसेच कोवळ्या वयात केलेले सेवन आणि घराण्यात असलेला मानसिक विकार, ही दोन्ही धोका वाढवितात, हे नंतरच्या अभ्यासाने दाखविले आहे. अहवालापासून घ्यावयाचा तो त्याचा निष्कर्ष नव्हे, त्याची रीत. रकान्यात काय लिहिले आहे यावर न थांबता, ते कोणी व कशावरून लिहिले, हे विचारण्याची ती रीत होय.

विसाव्या शतकात कायद्याचा अंमल कडक होत गेला. १९२५ च्या जिनिव्हा करारात हिंदी गांजाचा समावेश झाला आणि १९३० मध्ये येथे ‘डेंजरस ड्रग्ज ॲक्ट’ आला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारूबरोबर मादक वनस्पतीजन्य पदार्थही आपल्या कक्षेत घेतले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय एकल करारात गांजाची व्याख्या फुलोऱ्यावरून करण्यात आली. बी आणि फुलोऱ्याशिवायची पाने त्यातून वगळली गेली. बिगर-वैद्यकीय सेवन बंद करण्यास हिंदुस्थानसारख्या देशांना पंचवीस वर्षांची सवलत होती, आणि ती करारबद्ध मुदत सरत आलेली असतानाच १९८५ चा अमली पदार्थ कायदा, म्हणजे ‘एनडीपीएस ॲक्ट’, संमत झाला.

या कायद्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण कुप्यांची विक्री तिच्या आधारेच चालते. कायद्याच्या व्याख्येत चरस येतो, गांजा येतो, आणि या दोहोंचे कोणतेही मिश्रण वा पेय येते. फुलोरा सोबत नसताना निव्वळ पाने व बी व्याख्येबाहेर राहतात. म्हणून भांगेचा कारभार राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे आला. मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, तर महाराष्ट्रात तोच पदार्थ दारूबंदी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. इंदूरहून जळगावला येणाऱ्या प्रवाशाने हा फरक जाणावा. शिवाय गांजाचा अर्क वा टिंक्चर हे कायद्याच्या दृष्टीने ‘निर्मित औषधद्रव्य’ ठरते आणि टीएचसी हे द्रव्य कायद्याच्या परिशिष्टात नावाने दाखल आहे. सीबीडी हे नाव कायद्यात नाही. परंतु नाव नाही म्हणून मोकळीक आहे, असा अर्थ निघत नाही. ते तेल पानांपासून काढले की फुलोऱ्यापासून, आणि त्यात टीएचसी किती, हे पाहिले जाते.

आणखी एक समज पुष्कळ सुशिक्षितांतही आढळतो. कायद्याने ‘अल्प प्रमाण’ ठरविले आहे, तेव्हा तेवढे बाळगणे क्षम्य, असे लोक मानतात. गांजाचे अल्प प्रमाण १ किलोपर्यंत आणि व्यापारी प्रमाण २० किलो. चरसाचे अनुक्रमे १०० ग्रॅम व १ किलो. परंतु अल्प प्रमाण म्हणजे अल्प शिक्षा, निर्दोषता नव्हे. अल्प प्रमाणासही एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मादक द्रव्य दुसऱ्या वस्तूत मिसळलेले असेल तर प्रमाण ठरविताना सगळ्या मिश्रणाचे वजन धरावयाचे, निव्वळ द्रव्याचे नव्हे. आत मादक द्रव्य असलेल्या कुपीतील खोबरेल वा तिळाचे तेलही मग तराजूत जाते.

आता ज्या द्रव्याची एवढी चर्चा आहे त्याकडे वळू. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे १९४० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले. त्याची रासायनिक रचना १९६३ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी निश्चित केली. आणि १९६४ मध्ये अंमल चढविणारे मुख्य द्रव्य टीएचसी हे त्यांनीच शुद्ध रूपात मिळविले. सीबीडीने अंमल चढत नाही. ओशॉनेसींच्या चाळीस दिवसांच्या रुग्णाची आठवण येथे स्वाभाविकच होते, कारण जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सीबीडीच्या पहिल्या शुद्ध औषधाला मान्यता दिली ती लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या विकारांवर.

पण त्या औषधाबरोबर येणारी सूचनापत्रिका वाचावी. औषध सुरू करण्यापूर्वी व नंतर यकृताची रक्ततपासणी करावी, असे तीत सांगितलेले आहे. रुग्ण व्हॅल्प्रोएट घेत असेल तर यकृताचा धोका वाढतो, क्लोबाझाम घेत असेल तर गुंगी वाढते. अतिसार, भूक मंदावणे, झोपाळूपणा हे नित्याचे दुष्परिणाम होत. यकृतातील ज्या यंत्रणेने अनेक औषधांचा निचरा होतो तीच सीबीडी अडवून धरते. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन किंवा प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस रक्तात साचू शकते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते घेऊ नये असा सल्ला आहे.

मात्रेचे गणितही पाहण्यासारखे आहे. या औषधाची नेहमीची मात्रा दिवसाला शरीराच्या दर किलोस १० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास ६०० मिलिग्रॅम. ब्रिटनच्या अन्न प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी खाद्यपदार्थांतील सीबीडीची सुचविलेली मर्यादा आहे दिवसाला १० मिलिग्रॅम. पूर्वी ती ७० होती. या दोन आकड्यांत साठ पटींचे अंतर आहे. दुकानातील कुपी मधल्या कोठल्याशा प्रदेशात वावरते. ६०० मिलिग्रॅमने जो गुण आला त्याची साक्ष दहा थेंबांच्या बाजूने देता येत नाही, आणि थोड्या मात्रेने जे निभावून गेले त्यावरून मात्रा मनाने वाढविणे सुरक्षित ठरत नाही.

आणि कुपीत नेमके किती आहे, हे तरी कशावरून? अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी पदार्थांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अवघ्या २६ पदार्थांत चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे सीबीडी सापडले. ३६ मध्ये लिहिल्याहून अधिक होते, २२ मध्ये कमी. आणि १८ पदार्थांत टीएचसी आढळले. १८९२ च्या नोंदवहीतला ‘कारणाचा रकाना’ आणि या कुपीवरची चिठ्ठी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. तेथे रकाना भरावयाचा म्हणून भरला गेला, येथे चिठ्ठी छापावयाची म्हणून छापली गेली. न जाणता पोटात गेलेल्या टीएचसीने एखाद्याची नोकरीतील लघवीची तपासणी दोषी ठरू शकते. आणि त्या अंमलात वाहन हाकणे हा मोटार वाहन कायद्यान्वये अपराध आहे.

आपल्या देशात चिठ्ठी तपासण्यास काही आधार आहेत. विजयायुक्त आयुर्वेदीय औषधास आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना लागतो. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात विषारी द्रव्यांची जी यादी आहे तीत भांग आहे, आणि त्या यादीतील द्रव्य असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजीत व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती सूचना नसलेली कुपी घेऊ नये. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. तेव्हा जी जाहिरात असे आश्वासन देते ती स्वतःच कायदा मोडते, आणि अशा विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. बियांचे तेल ही वेगळी वस्तू आहे. २०२१ मध्ये अन्न प्राधिकरणाने बी, बियांचे तेल व पीठ यांस अन्न म्हणून मान्यता दिली. पण त्यातील टीएचसी व सीबीडी या दोहोंस मर्यादा घातल्या. बियांचे तेल सीबीडीचे औषध म्हणून विकणारा मनुष्य गिऱ्हाइकाची फसवणूकच करतो.

परदेशी असलेल्या आप्तांनी प्रेमाने आणलेल्या कुप्यांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा सर्वांत कडक अनुसूचीतून काढला. मते २७ विरुद्ध २५ पडली आणि भारताने बाजूने मत दिले. ‘गांजा मोकळा झाला’ अशी आवई त्यावेळी उठली. वस्तुतः तो पहिल्या अनुसूचीत कायम राहिला, आणि अत्यल्प टीएचसी असलेले सीबीडीचे पदार्थ करारातून वगळावेत ही सूचना त्याच बैठकीत मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. ब्रिटनमध्ये जी कुपी दुकानात मांडलेली असते, तीच हाँगकाँगमध्ये १ फेब्रुवारी २०२३ पासून बाळगणे गुन्हा आहे. लंडनहून हाँगकाँगमार्गे मुंबईस येणाऱ्या प्रवाशाच्या पेटीत ती एकच कुपी तीन कायद्यांखालून प्रवास करते. भारतात तर अमली पदार्थाची आयात वैद्यकीय वा शास्त्रीय कारणासाठी, आणि तीही नियमांनुसार अनुज्ञेय आहे. तेव्हा अशी भेट आणू नये आणि मागवूही नये.

आरंभीच्या दोन प्रश्नांकडे परत येऊन आम्ही इतकेच सांगू. शेजाऱ्याने कुपी पुढे केली तर तिच्यावरील मजकुरात चार गोष्टी शोधाव्यात : झाडाचा कोणता भाग वापरला, परवान्याचा क्रमांक आहे काय, वैद्यकीय देखरेखीची सूचना आहे काय, आणि त्या विशिष्ट खेपेची प्रयोगशाळेतील तपासणी, टीएचसीच्या आकड्यासह, विक्रेता दाखवू शकतो काय. यांतील एकाचेही उत्तर मिळाले नाही तर कुपी परत करावी. चारही मिळाली तरी, चालू असलेल्या औषधांची यादी घेऊन वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावे, आणि तेथे कुपीचे नाव लपवू नये. आपल्या समाजात गांजाशी लाज जोडलेली असल्याने पुष्कळ रुग्ण हे सांगत नाहीत; मग यकृत बिघडले तर डॉक्टर कारण भलतीकडेच शोधत बसतो, आणि कारणाचा रकाना पुन्हा एकदा अंदाजाने भरला जातो.